कोण राहतंय, कोण जातंय

आमच्याकडे 'हंगाम' हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस आधी विचारतो, कशाचा? खरिपाचा, रब्बीचा की कारखान्याचा? गेवराई तालुक्यातल्या आमच्या तलवाड्यात वर्षाचे हे तीन भाग लहानथोरांना पाठ असतात. कापूस घरात येतो तो एक. ज्वारी-हरभऱ्याचा दुसरा. आणि सणवार उरकले की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून माणसं ऊसतोडीला जातात तो तिसरा. माझ्या लेखी एक चौथा हंगामही आहे. त्याची नोंद पंचांगात नाही, तलाठ्याच्या पेरेपत्रकातही नाही. पोळ्याच्या आगेमागे तो सुरू होतो आणि दसऱ्याच्या अलीकडे-पलीकडे संपतो. गावची पोरं तालुक्याच्या कॉलेजाकडून कबड्डी खेळतात, त्या दिवसांचा हा हंगाम.

2024 सालचा तो नवरात्रात संपला. सातव्या माळेची रात्र होती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला उपांत्य सामना हरून आमची क्रूझर गावाकडे येत होती. गाडीत अकरा पोरं, खेळाचे सर, मी आणि मलमाचा वास. एरवी परतताना गाणी लागतात, मागचा पुढच्याला टपली मारतो, ड्रायव्हर ओरडतो. त्या रात्री कुणी बोलेना. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला होता. गाडीच्या उजेडात तो क्षणभर पांढरा व्हायचा आणि मागे पडला की काळोखात मिसळायचा. मग वळणावर त्वरितादेवीच्या देवळाचे दिवे दिसले. अंधारात डोंगर दिसतच नव्हता, नुसते दिवे अधांतरी होते. मागून चार नंबर म्हणाला, "सर, औंदा बी गेलं ना."

मी "हो" म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही, आणि आज वाटतं तेच बरोबर होतं. हरलेल्या पोरांना लगेच समजावू नये. घरी पोचेपर्यंतचा रस्ता तरी त्यांचा त्यांना राहू द्यावा.

पोरांना मी नंबरानं ओळखतो. पारावर सगळेच तसं ओळखतात. नावं आईबापांनी ठेवलेली असतात, नंबर मात्र खेळानं दिलेला असतो.

सामना दोन गुणांनी गेला. शेवटचं मिनिट उरलेलं, आम्ही एका गुणानं मागे. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे तिसऱ्या चढाईत गुण आणायचा, नाही तर चढाई करणारा बाद. सात नंबर गेला. तीन वर्षं असल्या वेळी तोच जात आला होता. चढाई 30 सेकंदांची असते. घड्याळात पाहिलं तर ती चटकन संपते, छातीत धरली तर फार लांबते. समोर पाच जण होते. सहा असते तर बोनस रेषा ओलांडून बरोबरी साधता आली असती, पण पाचांवर बोनस मिळत नाही. त्यानं निदान रेषा ओलांडली, उजव्या कोपऱ्याला हूल दिली आणि हात लांबवला. त्याचा पंजा आणि त्या पोराचा खांदा यांत चार बोटांचंही अंतर नव्हतं. तेवढ्यात डाव्या बाजूच्या मध्यरक्षकानं कंबरेला मिठी घातली आणि सात नंबरचा पाय घसरला.

सामना मॅटवर होता. आमचा सराव मातीवर चालतो. मातीत पाय रुततो, मॅटवर बूट धरतो, आणि बूट मापाचा नसेल तर मॅट माणसाला धरत नाही. सात नंबरच्या पायात त्या दिवशी दुसऱ्या एका मुलाकडून मागून आणलेले बूट होते. त्यानं हे सामन्याआधी कुणाला सांगितलं नाही, नंतरही नाही. मला ते चार महिन्यांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी लिंबाखालच्या पारावर तो सामना पुन्हा खेळला गेला. शिंपी, दूधवाला, निवृत्त कंडक्टर, दोन-तीन जुने खेळाडू आणि मी निवृत्त मास्तर, असे आम्ही नेहमीचे लोक. "पानिपत झालं राव आपलं," कुणीतरी म्हणालं. हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसलेलाच आहे. पण आमच्या तालुक्यात तो उच्चारला की आणखी एक नाव आठवायला हवं, असं इतिहास शिकवलेल्या माणसाला वाटणारच. पानिपत 14 जानेवारी 1761 चं. त्यानंतर अडीच वर्षांनी, 10 ऑगस्ट 1763 ला, आमच्याच तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत पडला. माधवराव तेव्हा 18 वर्षांचे होते. आमच्या पोरांच्या भाषेत एफ.वाय.चं वय.

मी हे सांगितलं तेव्हा जरा वेळ सगळे गप्प बसले. मग कंडक्टर म्हणाले, "मास्तर, ते खरं. पण मधल्या अडीच वर्षांत त्यांनी काय केलं?"

हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. तीस वर्षं मी मुलांकडून दोन्ही तारखा पाठ करून घेतल्या. मधल्या अडीच वर्षांबद्दल परीक्षेत एकही प्रश्न काढला नाही. खजिना रिता होता, घराघरांत सुतक होतं, चुलत्या-पुतण्यांत धुसफूस होती, आणि त्या सगळ्यात कुणीतरी घोडी मोजली असतील, कोण राहिलं आणि कोण गेलं याची यादी केली असेल. त्या यादीशिवाय राक्षसभुवन झालं नसतं. मी त्याच संध्याकाळी वही आणली.

कॉलेजच्या संघाची एक गोष्ट दुसऱ्या कुठल्या संघाला लागू नाही. तो दर वर्षी गळतो. गावाच्या मंडळाकडून माणूस गुडघे शाबूत असेपर्यंत खेळतो. कॉलेजात मात्र तीन वर्षं, पुढे शिकला तर आणखी दोन. पहिल्या वर्षी पोरगं बुजलेलं असतं, दुसऱ्या वर्षी त्याला खेळ कळतो, तिसऱ्या वर्षी तो खेळ आपल्याला दाखवतो आणि निघून जातो. आपण जीव लावावा आणि जूनमध्ये त्याचा दाखला निघावा, हे इथलं चक्र. खेळाडू पाहुणा आणि प्रेक्षक घरचा, अशी ही उलटी तऱ्हा आहे. म्हणून आमच्या पुढच्या वर्षाचा विचार हरलो का, यापाशी फार वेळ थांबत नाही. तो फार लवकर एका साध्या प्रश्नावर येतो. कोण राहतंय, कोण जातंय?

वहीचं ते पान अजून माझ्याकडे आहे.

सात नंबर जाणार. टी.वाय. झालं, आता पोलीस भरती. 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, एवढंच त्याच्या डोक्यात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव असतात, पण त्यासाठी वरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. तो उपांत्य सामना जिंकलो असतो, अंतिम खेळलो असतो, विद्यापीठाच्या निवड चाचणीत त्याच्यावर कुणाची नजर पडली असती. आमच्या विद्यापीठात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे येतात. चार जिल्ह्यांतून बारा जण निवडायचे. दोन गुणांची किंमत अशी असते. गुणफलकावर ती दोन दिसते, पोराच्या आयुष्यात ती किती होईल हे कोण सांगणार?

दहा नंबर जाणार बहुतेक. चाकणला कंपनीत भाऊ आहे, तो बोलावतोय. दोन नंबर राहणार. नऊ नंबर राहणार, पण गुडघा दाखवायला हवा. चार नंबर राहणार.

चार नंबरपुढे मी प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि कंसात लिहिलं होतं, कोयता.

ज्यांना हा शब्द फक्त हत्यार म्हणून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. चार नंबरचे वडील त्या वर्षी आजारी होते आणि उचल आधीच घेतलेली, खर्चही झालेली. आई एकटी अर्धा कोयता. तिच्याबरोबर तो गेला की कोयता पुरा होणार होता. असा आमचा डावा कोपरा, ज्याच्या घोटा-पकडीतून अख्ख्या स्पर्धेत चार-पाचजणच सुटले असतील, दिवाळीनंतर एका पहाटे टोळीबरोबर पश्चिमेकडे गेला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, ज्वारीचं पोतं, दोन शेळ्या आणि वर चढून बसलेला तो. मी निरोप द्यायला गेलो होतो. "सर, वहीत राहू द्या नाव," एवढंच म्हणाला.

त्याच सुमारास माझ्या बहिणीच्या मुलाचा फोन आला. तो अमेरिकेत लुइझियाना राज्यात बॅटन रूज नावाच्या गावी शिकतो. मिसिसिपीच्या काठी आहे ते, म्हणजे तोही नदीकाठचाच झाला. मी त्याला सगळी हकिकत सांगितली आणि तो म्हणाला, "मामा, आमच्याकडेही अगदी हेच चालतं." तिथे कॉलेजच्या बेसबॉलवर लोक जीव टाकतात. मला नवल वाटलं. बेसबॉल म्हणजे मोठमोठ्या व्यावसायिक संघांचा खेळ, एवढंच माझं ज्ञान. पण त्याच्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संघासाठी गावच्या गाव पिवळ्या-जांभळ्या कपड्यांत मैदानावर जातं. देशातल्या कॉलेजांचे 64 संघ बाद फेरीला निवडले जातात, त्यांतले 8 नेब्रास्कातल्या ओमाहा शहरी पोचतात. 1950 पासून अंतिम टप्पा तिथेच होतो. 'ओमाहा' हा तिथल्या पोरांच्या तोंडी पंढरपूरसारखा शब्द आहे, असं भाचा म्हणाला. गावाचं नाव घेतलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

2023 मध्ये त्याचं विद्यापीठ तिथे जिंकलं. आणि जिंकल्यावर लगेच संघ फुटला. जुलैत व्यावसायिक संघांनी निवड केली तेव्हा देशभरातून पहिला उचलला गेला तो याच संघातला पॉल स्कीन्स आणि दुसरा याच संघातला डिलन क्रूझ. एकाच कॉलेजातल्या दोघांना एकाच वर्षी पहिली आणि दुसरी जागा मिळाल्याचं त्याआधी कधी घडलं नव्हतं. अभिमान तर आहेच, पण संघाच्या घराचे दोन खांब एकदमच निघाले. पुढच्या साली, जून 2024 मध्ये, हा संघ नॉर्थ कॅरोलायनाकडून हरला आणि ओमाहापर्यंत पोचलाच नाही. भाचा म्हणाला, दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळे एकच बोलू लागले. कोण व्यावसायिक संघात जाणार, कोण दुसऱ्या कॉलेजात जाणार, कोणता गोलंदाज आणखी एक वर्ष थांबणार, शाळेतून कोण नवं येणार.

मी वही उघडून त्याला आमची यादी वाचून दाखवली. पोलीस भरती, चाकण, कोयता. पलीकडे तो जरा वेळ काही बोलला नाही. त्याच्याही लक्षात आलं असणार. प्रश्न एक आहे, पण तिथे पोरं मोठ्या संघाकडे जातात म्हणून कॉलेज सोडतात, आणि आमच्याकडची पोटामागे जातात. तिथल्या माणसाला जाणाऱ्याबद्दल हुरहुर वाटते, इथे काळजी वाटते. दोन्हीकडे माणूस बोटांवर मोजतो मात्र सारखाच.

खेळ सोडून जाण्याच्या या वयाबद्दल मला बीडच्या सचिन धसचा तो फेब्रुवारी आठवतो. 2024 चा, 19 वर्षांखालील विश्वचषक, दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी. 6 तारखेला उपांत्य सामन्यात यजमानांविरुद्ध 245 धावा हव्या होत्या आणि आपले 4 गडी 32 धावांत गेलेले. तिथून सचिन आणि कर्णधार उदय सहारन यांनी 171 धावांची भागी केली. सचिन 96 वर बाद झाला, उदय 81 वर, आणि 2 गडी राखून आपण जिंकलो. त्या संध्याकाळी आमच्या बसथांब्यावर अनोळखी माणसं एकमेकांना "आपल्या बीडचा" म्हणून सांगत होती. मग 11 तारखेचा अंतिम सामना. ऑस्ट्रेलियाचे 253. आपण 174 वर संपलो. सचिनच्या 9. आमच्या शेजारच्या घरात दूरदर्शन संच बंद केल्याचा आवाज मला माझ्या अंगणात ऐकू आला, इतकी शांतता होती.

त्या पोरांना 'पुढच्या वेळी' म्हणण्याची सोय नव्हती. आपल्या क्रिकेट मंडळाच्या नियमाप्रमाणे खेळाडूला हा विश्वचषक एकदाच खेळता येतो, आणि वय तर नियमाशिवायही थांबत नाही. पुढचा विश्वचषक येतो, त्यात भारताचा संघ असतो, पण ती अकरा पोरं नसतात. मला वाटतं, कॉलेजच्या मैदानावरचं दुःखही नेमकं हेच आहे. पुढचं वर्ष संघाला असतं. सात नंबरला नसतं. पारावर आम्ही "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो तेव्हा तो तिथे बसलेला असेल तर मी विषय बदलतो.

सगळ्यांच्या वाट्याला ते दार बंद होत नाही, हेही खरं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2021 मध्ये टोकियोत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरीला मुकला. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, जिथे 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत आला होता, त्यानं रौप्य घेतलं. सोनं 0.05 सेकंदानं हुकलं. आणि पॅरिसला 2024 मध्ये तो ऑलिंपिकची अंतिम फेरी धावला, अकरावा आला. धावणारा एकटा असतो. त्याचं पुढचं वर्ष त्याच्या पायांत असतं. संघात खेळणाऱ्याला त्यासाठी आणखी सहा जण लागतात, आणि त्या सहांतला एक चाकणला असतो, एक ऊसतोडीच्या झोपडीत, म्हणजे कोपीत.

मुलींच्या संघाचं पान वहीत वेगळं आहे आणि ते लिहिताना माझा हात जड होतो. तिथे भरती आणि कंपनी नसते, तिथे 'लग्न' असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत आमच्या जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे कॉलेजच्या संघात यायच्या आधीच जवळपास निम्म्या पोरी मैदानातून गेलेल्या असतात. ज्या येतात त्या फार झगडून येतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि मूळच्या केज तालुक्यातल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या संघातल्या एका मुलीनं वर्तमानपत्रातला तो फोटो कापून वडिलांच्या पानाच्या चंचीत ठेवला. त्या वर्षीचं तिचं स्थळ पुढे ढकललं गेलं. ते फोटोमुळे की आणखी कशामुळे, मला ठाऊक नाही. पण वहीत तिच्या नावापुढे मी 'राहणार' लिहिलं, आणि ते लिहिताना मला झालेला आनंद उपांत्य सामना जिंकण्याहून कमी नव्हता.

हिवाळ्यात मैदान ओस असतं. सकाळी मी फिरायला तिकडेच जातो. चुन्याच्या रेषा पहिल्यांदा कोपऱ्यांतून पुसट होतात, मध्यरेषा सगळ्यांत शेवटी जाते. कुणाची तरी शेळी निदान रेषेवर बसलेली असते. अशा एका डिसेंबरातल्या रात्री चार नंबरचा फोन आला. कोपीबाहेर थंडीत उभा होता, दात वाजत होते. मला वाटलं काही अडलंय. पण तो म्हणाला, "सर, हितली माती लई भारी हाय. काळी, मऊ. आमी फड झाल्यावर खेळतो." कारखान्याच्या तळावर बीडच्या, जालन्याच्या, परभणीच्या टोळ्या उतरलेल्या. पहाटे चारला फडात जायचं, दुपारपर्यंत तोडायचं, मोळ्या बांधून गाडी भरायची. आणि त्यानंतर उरलेल्या उजेडात ही पोरं पाचटाच्या दोऱ्या टाकून मैदान आखत होती. "मोळी उचलून खांदा असा झालाय सर, आता कुनी सुटायचं न्हाई."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात बसलो. आम्ही वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि तो तिकडे अर्धा कोयता होऊन दिवसभर ऊस तोडून पुढच्या हंगामाची तयारी करत होता. दुसऱ्या दिवशी मी ते प्रश्नचिन्ह खोडलं.

सात नंबरनं बुटांची गोष्ट सांगितली ती त्यानंतर, फेब्रुवारीत. पारावर ती कळली तेव्हा शिंप्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मॅट घेणं आमच्या आवाक्यातलं नाही. कबड्डीचं मैदान माती, शेणखत आणि लाकडाच्या भुश्यावर तयार होतं, ते आम्ही करू शकतो आणि केलंही. पण बूट? बूट आवाक्यातले होते. इतकी वर्षं आम्ही सामने पाहिले, पोरांच्या पकडींवर वाद घातले, आणि एकानंही खाली वाकून त्यांच्या पायांकडे पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात वर्गणी जमली. कुणी कापसाच्या पैशातून दिले, कंडक्टरांनी पेन्शनमधून. मापं घ्यायची तर पोरं विखुरलेली, म्हणून शिंप्यानं युक्ती काढली. जुन्या वर्तमानपत्रावर पाय ठेवायचा, पेन्सिलीनं भोवती रेघ मारायची, वर नंबर लिहायचा. चार नंबर एप्रिलात परतला, त्याच दिवशी संध्याकाळी पारावर येऊन त्यानं पाय उतरवून दिला. उसाच्या पाचटानं चिरलेला, टाचेला भेगा पडलेला पाय. पेन्सिल त्या भेगांवरून फिरताना अडखळली.

2025 च्या 22 जूनला ओमाहात लुइझियानाचा संघ पुन्हा जिंकला. 2024 मध्ये हरलेल्यांपैकी काही होते, बरेच नवे होते. भाच्याचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता. शेवटी त्यानं विचारलं, "मामा, तुमची यादी कुठवर आली?"

या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला आणि मैदानात पाणी साचलं. चर काढून ते वाहतं केलं, आषाढ लागता लागता भुसा टाकला, काल चुना मारला. सात नंबर भरतीच्या सरावासाठी पहाटे रस्त्यावर धावतो आणि परतताना अर्धा तास मैदानावर थांबतो. दुसऱ्या वर्षातल्या एका पोराला तो उजव्या कोपऱ्यावर हूल कशी द्यायची ते शिकवतोय. स्वतः खेळत नाही, नुसता हात धरून दाखवतो.

तालुक्यातल्या कुठल्या वाडी-वस्तीवर बारावी झालेला, पाय हलका असलेला पोरगा तुमच्या पाहण्यात असेल, आणि घरचे त्याला यंदा कोयत्यावर धरणार असतील, तर त्यांना एवढं सांगा की कॉलेजात नाव घालून ठेवा, बाकीचं आम्ही पारावरचे लोक मिळून बघू. मुलगी असेल तर आधी सांगा. मुलांच्या संघाला बारा लागतात. वर्तमानपत्रावर आजपर्यंत नऊ पाय उतरवून झालेत.